घरात बोलावयाच्या राहिलेल्या गोष्टी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या पालकसभेतील भाषण)



कार्यवाहांनी आमच्याकडे जेव्हा हा विषय सोपविला, तेव्हा प्रथम आम्ही नकारच दिला होता. आम्ही वैद्य नव्हे, शिक्षकही नव्हे. बी. ए. झालो आणि केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो, एवढेच आमचे शिक्षण. फायलीवर टिपण लिहिणे आणि मुलांशी त्यांच्या शरीराविषयी बोलणे यांत फार अंतर आहे. पहिले आम्हाला जमते. दुसरे जमले नाही. परंतु कार्यवाह म्हणाले, "जमले नाही, म्हणूनच बोला." या युक्तिवादाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढच्या रांगेतील ज्येष्ठ मंडळींची आधीच क्षमा मागून आम्ही सुरुवात करतो. आज काही शब्द असे येतील, की जे या सभागृहात गेल्या पन्नास वर्षांत बहुधा उच्चारले गेले नसतील.

आम्ही भोपाळला असतानाची, २००६ सालची गोष्ट. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही सहकुटुंब गावी निघालो होतो. चिरंजीव तेव्हा नऊ वर्षांचे. नुकतेच भराभर वाचता येऊ लागले होते, त्यामुळे दिसेल ती पाटी मोठ्याने वाचण्याचा सपाटा चालला होता. गाडी इटारसीकडे चालली असताना रुळालगतच्या भिंतीवर चुन्याने रंगविलेली हातभर अक्षरे आली. आपण सर्वांनी ती अक्षरे पाहिली आहेत. या देशात रेल्वेने प्रवास करणाऱ्या कोणालाही ती चुकलेली नाहीत. चिरंजीवांनी ती खणखणीत आवाजात वाचली आणि विचारले, "बाबा, गुप्तरोग म्हणजे काय? आणि तो गुप्त आहे, तर भिंतीवर का लिहिलाय?"

डब्यातील मंडळी हसली. आम्ही वर्तमानपत्र वर धरले आणि म्हणालो, "पाणी पिऊन घे, ऊन फार आहे." सौभाग्यवतींनी चिवड्याचा डबा उघडला. प्रश्न तिथेच संपला, असे आम्हाला वाटले.

आता थोडे मागे जाऊ. आमच्या स्वतःच्या शिक्षणाचा हिशेब सांगितला पाहिजे, म्हणजे दोष कोठून आला ते कळेल. शाळेत शास्त्राच्या पुस्तकात मानवी प्रजननाचा एक धडा होता. गुरुजींनी तो उघडला, मिटला आणि म्हणाले, "हा घरी वाचा, परीक्षेला येत नाही." (परीक्षेला त्यावर प्रश्न आला होता, ही गोष्ट निराळी.) पुढे नोकरीसाठी गाव सोडताना वडील स्थानकावर पोहोचवायला आले. गाडी हलताना म्हणाले, "जपून राहा." आमच्या वडिलांनी आम्हाला दिलेले लैंगिक शिक्षण ते एवढेच, दोन शब्दांचे. त्यात काय जपायचे आणि कशापासून, हे आम्ही आमचेच समजून घ्यावयाचे होते.

आपल्या समाजात हा विषय कधी बोललाच जात नसे, असे मात्र नाही. मुलगी वयात आली म्हणजे तिला न्हाण आले म्हणत, मखरात बसवीत, गाणी म्हणत, ओटी भरीत. त्या सोहळ्यामागे मुलीचे लग्न लवकर उरकण्याची घाई होती, आणि तो गेला याचे आम्हाला दुःख नाही. पण निदान ती गोष्ट घडली आहे, हे घराला ठाऊक असे. पुढे "कावळा शिवला" या दोन शब्दांत चार दिवसांची सोय होऊ लागली, आणि मुलीला जे काही कळायचे ते आजी, आत्या, काकू, मोठी वहिनी यांच्याकडून कळे. निम्मे खरे, निम्मे खोटे, पण कोणाकडून तरी कळे. मुलग्यांना तेवढेही नव्हते. त्यांचे विद्यापीठ म्हणजे नदीचा घाट आणि वयाने दोन वर्षे मोठी असलेली टोळकी.

आपण घर सोडून इतक्या दूर आलो, तेव्हा बरोबर पुरणयंत्र आणले, गणपतीची आरास आणली, आरत्यांची पुस्तके आणली. आत्या आणि वहिनी गावीच राहिल्या. आजी दूरध्वनीवर असते, पण ती सर्दीखोकला आणि परीक्षेतले गुण विचारते. वर्षातून पंधरा दिवसांच्या मुक्कामात कोणती काकू कोणत्या पुतणीला जवळ बसवून काही सांगणार? सारी जबाबदारी दोघांवर, म्हणजे आई आणि बाप यांच्यावर येऊन पडली. आणि आई व बाप यांनी ती शाळेवर, म्हणजेच परभाषेवर ढकलली.

भाषेचा मुद्दा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. आपली मुले घरात मराठी बोलतात, रस्त्यावर तमिळ वा हिंदी, शाळेत इंग्रजी. मराठीत त्यांना आमटी, गृहपाठ, रुसवा, देवपूजा हे सारे बोलता येते. पण शरीराच्या या भागाविषयी मराठीत काय आहे? एकतर संस्कृत आहे किंवा शिवी आहे. मधली, घरात बसून बोलण्याजोगी भाषा आपण त्यांना दिलीच नाही. म्हणून मूल या बाबतीत इंग्रजीत विचार करते. आणि ज्या भाषेत विचार करते त्या भाषेत आईशी बोलत नाही. ते गप्प बसते. आपण म्हणतो, "आमची मुलगी फार सोज्वळ आहे हो, असले काही विचारतसुद्धा नाही."

वस्तुतः शब्द आहेत. लिंग, योनी, गर्भाशय, वीर्य, पाळी हे सारे शब्द स्वच्छ आहेत. ते अस्वच्छ वाटतात ते आपण वापरत नाही म्हणून. 'निरोध' हा शब्द तर १९६८ साली सरकारनेच गावोगावी पोहोचविला. एका शब्दावर मात्र आमचा राग आहे, तो म्हणजे 'स्वप्नदोष'. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला झोपेत जे सहज घडते, त्याला आपल्या भाषेने दोष ठरवून टाकले. त्यात दोष कसलाच नाही. पाळी जशी शरीराची रीत, तशीच ही. पण त्या एका 'दोष' शब्दावर किती तंबू उभे राहिले आणि किती भिंती रंगल्या!

आणि मराठीत हे कोणी लिहिलेच नव्हते काय? महर्षी कर्वे यांचे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ साली देहावसान होईपर्यंत ते चालविले. गुप्तरोग, संततिनियमन, स्त्रीपुरुषसंबंध यांवर त्यांनी सरळ मराठीत लिहिले आणि वाचकांच्या शंकांना छापील उत्तरे दिली. नोकरी गेली, खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. त्यांची सर्वच मते आम्हाला पटतात असे नाही. पण आपल्या मंडळाच्या भिंतीवर इतक्या थोर पुरुषांच्या तसबिरी आहेत, त्यांत ही एक नाही, हे आज बोलता बोलता लक्षात आले.

आता या शहराकडे येऊ. एच. आय. व्ही. या विषाणूचा भारतात प्रथम शोध लागला तो येथेच, १९८६ साली. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयातील सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. सुनीती सोलोमन यांनी आपली विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांना हा विषय दिला. निर्मलाबाईंनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले, घरच्या शीतकपाटात जपले आणि रेल्वेने वेल्लोरला तपासणीस नेले. काही नमुन्यांत विषाणू निघाला. तोवर हा आजार परदेशी लोकांचा, आपल्या संस्कृतीत त्याला थारा नाही, असे मोठमोठी माणसे म्हणत होती. या सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे. याच शहरात वाढलेल्या मराठी घरातील मुलगी, म्हणजे आपल्यापैकीच एक. १९९३ साली त्यांनी रुग्णांसाठी येथे केंद्र काढले, आणि २०१५ साली निधन होईपर्यंत त्या हे काम करीत राहिल्या. विषाणूबाधित तरुणतरुणींची लग्नेसुद्धा त्यांनी जुळविली. मराठी माणसाने परमुलखात काय केले, याची यादी आपण दर वर्धापनदिनी वाचतो. त्या यादीत हे नाव पहिल्या पाचांत असावे.

आता आमच्या घराची पुढची हकिगत. ती आम्ही चिरंजीवांच्या अनुमतीने, किंबहुना त्यांच्याच आग्रहावरून सांगत आहोत.

२०१६ साली चिरंजीव एकोणीस वर्षांचे होते आणि दुसऱ्या शहरी वसतिगृहात राहून अभियांत्रिकी शिकत होते. त्या वर्षी त्यांच्या हातून एक गोष्ट घडली. मित्रांसमवेत, एकदाच, आणि कोणतेही साधन न वापरता. दुसऱ्या दिवसापासून भीती. पुढचे चार महिने त्याने रात्री भ्रमणध्वनीवर लक्षणे वाचण्यात घालविले. घसा दुखला की तेच, अंगावर पुरळ आले की तेच. दोन विषय राहिले. आम्ही दर रविवारी दूरध्वनी करीत होतो आणि अभ्यासात लक्ष नाही म्हणून बोलत होतो. दरम्यान एका तंबूवाल्याने रक्त शुद्ध करण्याच्या पुड्या देऊन त्याच्याकडून सात हजार रुपये घेतले. ते पैसे त्याने पुस्तकांसाठी म्हणून आमच्याकडून मागविले होते, आणि आम्ही मोठ्या समाधानाने पाठविले होते.

अखेर एका सरकारी रुग्णालयात त्याला समुपदेशन व चाचणी केंद्राची पाटी दिसली. तेथील समुपदेशक बाईंनी त्याला अर्धा तास जवळ बसवून घेतले. उपदेश केला नाही, नाव कोठे सांगितले नाही, पैसे घेतले नाहीत. रक्त तपासले; दोष निघाला नाही.

हे सारे आम्हाला कळले ते दोन वर्षांनी. आमचा पहिला प्रश्न कोणत्याही बापाचा असतो तोच होता: "अरे, आम्हाला का नाही सांगितलेस?" आम्हाला वाटले, तो रेल्वेतल्या त्या प्रसंगाची आठवण देईल. त्याला तो प्रवास आठवतही नव्हता. तो म्हणाला, "बाबा, टीव्हीवर तसली जाहिरात लागली की तुम्ही रिमोट उचलायचात. दर वेळी. मला वाटायचं, तुम्हांला या सगळ्याची किळस आहे. मग तुम्हांला काय सांगणार?"

आम्हाला किळस नव्हती. लाज होती. पण दहा फुटांवर बसलेल्या मुलाला हा फरक कसा कळावा?

त्या रात्री आम्हा उभयतांना झोप लागली नाही. मुलाच्या वागण्याविषयी आमचे मत आम्ही त्याला पुढे सांगितले, आणि ते सौम्य नव्हते. पण आम्हाला जे बोचत राहिले ते दुसरेच. एखाद्या गोष्टीची मनाई आहे एवढेच त्याला घरातून कळले होते. ती घडली तर काय करावे, हे नव्हे. धोक्याच्या संबंधानंतर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे गेल्यास संसर्ग टाळणारी औषधे सुरू करता येतात, आणि ती जितकी लवकर तितकी बरी. हे त्याला ठाऊक नव्हते आणि आम्हालाही नव्हते. लगेच केलेल्या तपासणीत विषाणू सापडेलच असे नाही, तीन महिन्यांनी पुन्हा करून घ्यावी लागते, हेही नव्हते. १०९७ हा राष्ट्रीय साहाय्यक्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे नाव सांगावे लागत नाही, हे नव्हते. रेल्वेची वेळापत्रके आम्हाला पाठ आहेत. पण हा चार आकडी क्रमांक आम्हाला पन्नाशी जवळ आल्यावर कळला.

कन्या तेव्हा दहावीत होती. पाळीविषयी सौभाग्यवतींनी तिला वेळेवर सांगितले होते. आम्ही त्या दिवशी उगाच बाजारात गेलो होतो. आता ठरले की दोघांनीही बसायचे. एका रात्री जेवणे झाल्यावर आम्ही तिघे बसलो. आम्ही टिपण काढून नेले होते, हे कबूल केले पाहिजे, सवयच ती. पहिल्या दोन मिनिटांतच ती म्हणाली, "बाबा, हे शाळेत झालंय." खरेच झाले होते. विषाणू कोणत्या चार मार्गांनी येतो, ते तिने बोटांवर मोजून दाखविले: असुरक्षित संबंध, दूषित रक्त, दूषित सुई, आणि आईकडून बाळाला. डास, ताटवाटी, गळाभेट, स्वच्छतागृह यांतून येत नाही, हेही तिला पाठ होते. पण पाठ असणे निराळे. बाधित मातेने औषधे नीट घेतली तर बाळ बहुधा निरोगी जन्मते, हे तिला माहीत नव्हते. उपचारांवर असलेल्या आणि रक्तातील विषाणू मोजण्याइतकाही न उरलेल्या माणसाकडून संबंधातून संसर्ग होत नाही, यावर तर तिचा विश्वासच बसेना. "मग लोक इतके घाबरतात कशाला?" तिने विचारले.

त्या प्रश्नानंतर खरे बोलणे सुरू झाले. २००४ पासून सरकारी केंद्रांत औषधे विनामूल्य मिळतात, रोजची गोळी घेऊन माणसे नोकरी करतात, म्हातारी होतात, हे सांगितले. २०२३ च्या सरकारी अंदाजानुसार देशात अशी सुमारे २५ लाख माणसे आहेत. तेव्हा आपल्या ओळखीत कोणी नाही असे म्हणणारा बहुधा फक्त अनभिज्ञ असतो. २०१७ साली याविषयी कायदा झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार अशा व्यक्तीला नोकरी, शिक्षण, उपचार वा भाड्याचे घर यांत भेदभावाने वागविण्यास मनाई आहे आणि संमतीवाचून तपासणी करता येत नाही.

"मग लग्न ठरवताना?" कन्येने विचारले. "पत्रिका मागता येते, रक्ततपासणी मागता येत नाही?" सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले, आम्ही टिपणाकडे पाहिले. टिपणात ते नव्हते. शेवटी सौभाग्यवती म्हणाल्या, "मागायची नाही. दोघांनी मिळून करून घ्यायची, आणि तू स्वतःपासून सुरुवात करायचीस." याहून बरे उत्तर आम्हाला अद्याप सुचलेले नाही.

काही पालक म्हणतात, सांगितल्याने मुले बिघडतात. हा धाक जुना आहे. केंद्राने २००५ साली शाळांसाठी किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम आणला, तेव्हा याच धाकापायी २००७ साली महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थांबविला. सरकारी नोकराने धोरणावर अधिक बोलू नये, म्हणून एवढेच सांगतो की युनेस्कोने २०१८ साली सुधारून काढलेल्या मार्गदर्शिकेत देशोदेशींचे अभ्यास तपासून म्हटले आहे, की अशा शिक्षणाने मुलांतील लैंगिक व्यवहार वाढत नाही.

कधी सांगावे, असे अनेकजण विचारतात. आमच्या मते एकदाच बैठक मारून सांगण्याचा हा विषय नव्हे. आमचे टिपण त्यामुळेच फसले. चार वर्षांच्या मुलाला न्हाऊ घालतानाच अवयवांची खरी नावे सांगावीत, आणि हे भाग आईबाबा व डॉक्टर यांच्यावाचून कोणी हाताळावयाचे नाहीत, हाताळले तर घरी येऊन सांगायचे, तू रागावला जाणार नाहीस, हेही त्याच वेळी. २०१२ सालचा बालकांच्या संरक्षणाचा कायदा आहे, पण मुलाजवळ नाव सांगायला शब्दच नसेल तर कायद्यापुढे ते काय सांगणार? नऊ-दहाव्या वर्षी पाळीची माहिती द्यावी, आणि ती मुलग्यालाही द्यावी; बहिणीला चिडविणारा मुलगा पुढे बायकोचे काय ऐकणार! पंधरा-सोळाव्या वर्षी संमती म्हणजे काय, नकार म्हणजे नकार, आणि कायद्याने वयाची मर्यादा अठरा आहे, हे स्पष्ट सांगावे. आणि मूल वसतिगृहात निघाले, की स्थानकावर "जपून राहा" एवढ्यावर थांबू नये. संयमाची आपली शिकवण जरूर द्यावी. तिच्याच शेजारी निरोध, चाचणी, ७२ तास आणि १०९७ हेही सांगावे. एकामुळे दुसऱ्याला बाध येत नाही.

बापांना एक विनंती. "ते तिच्या आईचे खाते" असे म्हणून फाईल पुढे सरकवू नये. मुलग्यांचे खाते कोणाकडेच नसते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. समोरासमोर बसून जमत नसेल तर स्कूटरवरून जाताना बोलावे, भाजी निवडताना बोलावे; डोळ्यांत पाहावे लागत नाही. उत्तर येत नसेल तर "विचारून सांगतो" म्हणावे आणि खरोखर विचारून सांगावे. आणि रिमोट जागेवर राहू द्यावा.

मंडळाच्या महिला शाखेने येत्या हळदीकुंकवाच्या दिवशी एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना बोलाविले आहे. त्या दिवशी मुलग्यांना व बापांना दाराबाहेर उभे करू नये, अशी आमची सूचना समितीने मान्य केली आहे. मुलांचे प्रश्न आधी जमा करण्यासाठी बाहेर, पादत्राणांच्या मांडणीशेजारी, कुलूप लावलेला एक डबा ठेवला आहे. कागदावर नाव लिहू नये. प्रश्न मराठीत, इंग्रजीत, तमिळमध्ये, कसाही लिहावा. उत्तर मराठीत मिळेल. किल्ली त्या डॉक्टरीणबाईंकडे आहे, कार्यवाहांकडे नाही, हे त्यांनीच आम्हाला मुद्दाम सांगावयास सांगितले आहे.